पाचवा माणूस

वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला धम्म-अभ्यासाचा काळ, सुरू आहे. आमच्या विहारात रोज साडेसातला बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन असतं. परवा रोहिणी नदीचं प्रकरण आलं आणि अर्धा हॉल खाली बघायला लागला. कारण वस्तीत जयंती मंडळं दोन, मिरवणुका दोन, डीजे दोन आणि दोन्हीकडचे पुढारी एकाच सतरंजीच्या दोन टोकांना.

सिद्धार्थाचे शाक्य आणि शेजारचे कोलीय रोहिणीच्या पाण्यावरून भिडले. शाक्यांच्या संघात, म्हणजे त्यांच्या सभेत, सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. २८ वर्षांचा सिद्धार्थ विरोधात उठला, पण ‘युद्ध वाईट’ एवढं बोलून खाली बसला नाही. आधी कुरापत कोणी काढली ते तपासा म्हणाला, आपल्या माणसांनीही हात उचललाय असं ऐकतो. मग उपाय मांडला: आपले दोन, त्यांचे दोन, या चौघांनी पाचवा निवडायचा आणि पाचांनी निवाडा द्यायचा. मतदान झालं. सिद्धार्थ दणकून हरला.

हे हरणं मला फार मोलाचं वाटतं. दुसऱ्या दिवशी २० ते ५० वयाच्या शाक्यांच्या सैन्यभरतीचा ठराव आला. त्याने शस्त्र नाकारलं, पण संघ फोडला नाही. शिक्षा घरच्यांवर येऊ नये म्हणून स्वतःच परिव्रज्या घेतली, घरदार सोडलं. (आपल्याकडे ठराव हरला की तिसऱ्या दिवशी नव्या गटाची पाटी लागते. १९५७ च्या रिपब्लिकन पक्षाचे आज किती गट, मोजून दाखवा.) सिद्धार्थ गेल्यावर लोकच युद्ध नको म्हणत रस्त्यावर उतरले, संघाला फेरविचार करावा लागला, पाण्यासाठी कायमचं लवाद मंडळ ठरलं.

बुद्धांचंही सगळीकडे चाललं नाही. पुढे कोसंबी नगरातल्या भिक्षूंनी शौचकूपातल्या भांड्यात उरलेल्या पाण्यावरून दोन तट पाडले. बुद्धांनी समजावलं, कोणी ऐकेना, तेव्हा ते सरळ जंगलात निघून गेले. भांडण मिटवलं उपासकांनी, म्हणजे गृहस्थ अनुयायांनी. भिक्षाच बंद केली! पोटाला चिमटा बसला तसे दोन्ही तट माफी मागत बुद्धांकडे श्रावस्तीला पोचले.

ही गोष्ट मी वाचनानंतर सांगितली. मागून आमची आई बोलली, “मंग यंदा दोघांलाबी वर्गणी न्हाई.” बाकीच्या बायांनी माना डोलावल्या.

चौघांची नावं त्याच रात्री ठरली. पाचव्यावर गाडी अडली आहे.