खुलासा: सीड फ्रेज दिली तरी पासवर्डमुळे पैसे सेफ राहतात, हे चुकीचं आहे

एक मेसेज फिरतोय की क्रिप्टो ग्रुपच्या अ‍ॅडमिनने वॉलेट (बिटकॉइनसारखे क्रिप्टो पैसे ठेवायचं अ‍ॅप) व्हेरिफाय करायला सीड फ्रेज (वॉलेट बनवताना मिळणारे १२ किंवा २४ शब्द) मागितली तर बिनधास्त द्या, पासवर्ड तुमच्याकडेच आहे ना. असं अजिबात नाहीये. पासवर्ड फक्त त्या फोनवरचं अ‍ॅप उघडायला असतो, खरी चावी म्हणजे ते १२ किंवा २४ शब्द, ते ज्याच्या हातात गेले तो दुसऱ्या कुठल्याही फोनवर तुमचं वॉलेट उघडून सगळं काढून घेतो आणि जुना पासवर्ड त्याला कोणी विचारत पण नाही. खात्री करायचीये? नवीन रिकामं वॉलेट बनवा आणि त्याचे शब्द दुसऱ्या फोनवर टाकून बघा, लगेच कळेल.

त्यातच लिहिलंय की ब्लू टिक असेल तर माणूस खरा. जुलै २०२० मध्ये ट्विटरवर ओबामा, बिल गेट्स यांची अकाउंट हॅक करून बिटकॉइन डबल करून देतो असं टाकलं होतं, टिक तर खरीच होती की! खऱ्या अ‍ॅडमिनला तुमचे शब्द लागतच नाहीत, कशालाच.

तो मेसेज पुढे पाठवू नका प्लीज, आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपमध्ये हे टाका.