‘नायलॉन मुळातच कडक’ या प्रतिक्रियेला उत्तर

नायलॉनच्या टूथब्रशवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘दोन लेख चाळून इतिहास लिहायला बसलात’ हे वाक्य टाळता आलं असतं. नायलॉनचे तंतू काढणाऱ्या यंत्रांवर माझी उमेदीची वर्षं गेली आहेत, असला शेरा मी मुकाट्याने गिळणार नाही. मतभेद सभ्य भाषेतही मांडता येतो.

नायलॉनला घरोघरी नाव मिळालं ते स्टॉकिंग्जमुळे, हे तुमचं म्हणणं मान्य. पण नायलॉनचे स्टॉकिंग्ज अमेरिकाभर विक्रीला आले १५ मे १९४० ला. ड्यूपॉन्ट या अमेरिकन रसायन कंपनीच्या नायलॉनचे केस लावलेला ‘डॉ. वेस्ट्स मिरॅकल टफ्ट’ हा टूथब्रश फेब्रुवारी १९३८ मध्येच बाजारात होता. तेव्हा आधी ब्रशच.

आता तुमचं मुख्य वाक्य: ‘नायलॉन मुळातच कडक, हिरड्या सोलणारं, डुकराचे केस बरे.’ सुरुवातीचे नायलॉन ब्रश हिरड्यांना टोचत, हे मूळ लेखात मीच लिहिलंय! त्याचं खापर तुम्ही नायलॉनवर फोडता, तिथे चुकता. तंतूचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.३० मिलिमीटरचा तंतू ०.१८ वर आणा, लांबी तीच ठेवा. ताठपणा जवळजवळ आठव्या हिश्श्यावर येतो. नायलॉन तेच. उलट केस ११ मिलिमीटरऐवजी १० ठेवलेत, तर तोच ब्रश सुमारे एक तृतीयांशाने जास्त कडक लागतो.

दुसरी गोष्ट टोकांची. केसांचा झुबका मधोमध दुमडून धातूच्या बारीक तुकड्याने ब्रशच्या डोक्यातल्या भोकात ठोकतात आणि मग वरून सगळे केस छाटतात. छाटलेल्या नायलॉनला धारदार कड राहते. ती घासून गोल केली नाही, तर बारीक तंतूही ओरखडे काढतो. अमेरिकन डॉक्टर चार्ल्स बास यांनी १९४८ मध्ये ०.००७ इंच जाडीचे, गोल टोकांचे तंतू सुचवले ते उगीच नाही.

डुकराचा केस पाणी पिऊन मऊ पडतो, त्यालाच तुम्ही ‘सौम्यपणा’ म्हणताय. तो सावकाश वाळतो, तुटतो, दातात अडकतो. नायलॉन ६६, म्हणजे नायलॉनचा पहिला प्रकार, तोसुद्धा पाणी शोषून ढिला पडतो. म्हणून तर पुढे कमी पाणी घेणारं नायलॉन ६१२ ब्रशमध्ये आलं.

तुमचा ‘टोचणारा’ ब्रश दहापट भिंगाखाली धरा. टोकं सपाट छाटलेली दिसली, तर दोष कारखान्यातल्या शेवटच्या घासणीचा आहे.