दुखापत झाली म्हणजे करार बुडाला, असं नाही
डेक्कनपासून निगडीपर्यंतच्या बास्केटबॉल ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये) मोठी दुखापत झाली की नवा करार विसरा.’ हे चुकीचं आहे. स्टार खेळाडू केविन ड्युरंटची टाचेमागची अकिलिस कंडरा जून २०१९ मध्ये फाटली. महिन्याभरात ब्रुकलिन संघाने त्याच्याशी चार वर्षांचा, सुमारे १६.४ कोटी डॉलरचा करार केला. तोही पुढचा हंगाम तो बहुधा बसूनच काढणार, हे माहीत असून.

अर्थात सगळेच ड्युरंट नसतात. तशीच दुखापत झालेला डीमार्कस कझिन्स २०१८ मध्ये गोल्डन स्टेट संघाकडे एका वर्षासाठी जेमतेम ५३ लाख डॉलरवर गेला (जेमतेम, त्यांच्या हिशेबात!). खरी घासाघीस अटींवर होते. जोएल एम्बीडच्या २०१७ च्या करारात, जुन्याच दुखण्याने तो बराच काळ बाहेर राहिला तर संघाला कमी पैशांत मोकळं होता येईल, अशी तरतूद होती.