सोसायटीची वेबसाइट कुणाच्या गळ्यात मारावी : कमिटीसाठी अनुभवसिद्ध मार्गदर्शन

सर्वप्रथम अभिनंदन. तुमची सोसायटी लहान आहे, पगारी मॅनेजर नाही, दोन-चार उत्साही माणसं कारभार ओढतात, बाकीचे सभासद त्यात चुका काढतात, आणि एवढं सगळं सुरळीत चालू असताना तुम्हाला वेबसाइट हवी झाली आहे. नक्की कशासाठी हवी, हे ठरवायच्या फंदात मात्र पडू नका. नोटिसा, सभांची इतिवृत्तं, उपविधी, मेंटेनन्सचा हिशेब आणि तक्रारीचा एक फॉर्म एवढ्यात लहान सोसायटीचं भागतं, हे एकदा लक्षात आलं की समोरच्याचं अर्धं कोटेशन गळून पडतं. कुणाच्या पोटावर पाय कशाला आणायचा?

तर पहिला निकष डेमोचा. त्यात हसरं कुटुंब, हिरवळ आणि निळाशार पोहण्याचा तलाव दिसला की होकार द्या. तुमच्याकडे तलाव नाही ही बाब गौण आहे.

चर्चापीठ, ऑनलाइन मतदान आणि वाढदिवसांचं कॅलेंडर असलेलं 'कम्युनिटी एन्गेजमेंट मॉड्यूल' घ्याच. सर्वसाधारण सभेला कोरम भरत नाही, पण हे मॉड्यूल उघडून बसायला लोक नक्की जमतील.

भाव फक्त पहिल्या वर्षाचा विचारावा. दुसऱ्या वर्षाचा विचारणं चांगल्या घरच्या माणसांना शोभत नाही.

'अनलिमिटेड' लिहिलंय ना? मग झालं.

'सिक्युरिटी पॅक' दरवर्षी वेगळे पैसे मोजून घ्या. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या आधी एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणीची खूण, दिसावी म्हणून जे प्रमाणपत्र लागतं, ते लेट्स एन्क्रिप्ट नावाची ना-नफा संस्था 2015 पासून फुकट देते. बहुतेक होस्टिंगवाले, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवर जागा देणारे, ते आपोआप बसवतात आणि आपोआप नवं करतात. फुकटच्या गोष्टीला दर्जा नसतो, म्हणून तुम्ही पैसे भरा.

थकबाकीदारांची यादी पीडीएफ करून साइटवर चढवायला विसरू नका. पासवर्ड पानाला असला की पुरे. फाइलच्या लिंकला नसला तरी चालतो. ती लिंक कुणी व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलली की लॉगिनशिवाय उघडते, आणि सर्च इंजिनला सापडली की माणसाचं नाव टाइप करताच फ्लॅट नंबर आणि बाकीची रक्कम स्क्रीनवर हजर. पारदर्शक कारभार म्हणतात तो हाच.

आता मुख्य सल्ला. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, वेबसाइटवाल्यालाच त्याच्या नावावर घेऊ द्या. तो स्वतःच म्हणेल, "सर, तुम्ही कशाला त्रास घेता? डोमेन पॅकेजमध्ये फ्री आहे." फ्री म्हटल्यावर हरकत घेणारा कमिटी मेंबर हा सभासदांच्या पैशाचा वैरीच समजावा. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते वर्षांच्या बोलीवर मिळतं, डॉट कॉमसारखं असेल तर एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी. आणि नोंदणीत ज्याचं नाव लागतं, त्याचाच त्यावर हक्क. घराच्या खरेदीखतावर रंगाऱ्याचं नाव घालावं, तसा हा प्रकार आहे. पण रंगारी निदान काम संपल्यावर शिडी घेऊन निघून जातो.

आमच्या आधीच्या कमिटीने हे इमानेइतबारे करून ठेवलं होतं. साइट आज चालू, उद्या बंद, असं सुरू झालं म्हणून आम्ही ती दुसरीकडे हलवायचं ठरवलं. नोंदणीची माहिती काढली, तर मालकाच्या रकान्यात वेबसाइटवाल्याची कंपनी. ईमेल त्याचा, फोन त्याचा. आमचं त्यात काय होतं? डोमेनमध्ये इमारतीचं नाव होतं, तेवढंच. ते नाव पत्रांच्या कागदावर, पावत्यांवर आणि गेटवरच्या पाटीवर आम्ही हौसेने छापून घेतलेलं.

डोमेन हलवायला एक कोड लागतो, तो मागितला. उत्तर आलं, "आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे." पुन्हा मागितला. "आपलं तिकीट सोडवण्यात आलं आहे." काय सोडवलं? कोड कुठे आहे? फोन केला, तर कंपनीकडे सोसायटीचं ग्राहक-खातं ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच मागणी करावी म्हणे. ते गृहस्थ म्हणजे आमचे माजी सेक्रेटरी, फ्लॅट विकून केव्हाच गेलेले. लॉगिनचा ओटीपी अजून त्यांच्याच मोबाइलवर जातो. तेही भले, बिचारे सांगतात, पण आम्ही आकडा टाइप करेपर्यंत त्याची वेळ संपलेली असते. एवढं झाल्यावर खरं दुखणं बाहेर आलं : 'रिलीज चार्जेस'. म्हणजे आमच्याच इमारतीचं नाव आम्हाला सोडण्याचे पैसे! करारात हा शब्द नाही, कोटेशनमध्ये नाही, कुठल्या पावतीवरही नाही. याला गावाकडे काय म्हणतात ते इथे लिहिता येत नाही.

नियम नाहीत का? आहेत की. डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा डोमेनांचे नियम आयकॅन ही संस्था ठरवते. मालकाने मागितल्यावर रजिस्ट्रारने (सहकार खात्याचा नव्हे, डोमेन नोंदवून देणारी कंपनी) हा कोड 5 दिवसांत द्यायचा, असं तिथे स्पष्ट आहे. मालकाने! आणि मालक कोण? ज्याच्याशी भांडतोय तोच. तक्रार करायची तर त्याच्याच वतीने त्याच्याच विरुद्ध करायला हवी. त्याने काही वाकडं करायचीही गरज नाही, फक्त मुदत भरली की नूतनीकरण करायचं नाही. साइट जाते, आणि सोसायटीचे ईमेल त्याच पत्त्यावर असतील तर तेही जातात. रजिस्ट्रारने डॉट कॉम डोमेन रद्द केलं की पुढचे 30 दिवस ते जबर दंड भरून सोडवता येतं, तेही जुन्या मालकालाच. त्यानंतर 5 दिवसांनी ते बाजारात मोकळं होतं आणि कुणीही उचलतो. मग तुमच्या पावतीवरच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात झळकली तरी दाद कुणाकडे मागणार?

डेटा परत कसा मिळेल हेही विचारू नका. 'तयार टेम्प्लेट'वाल्यांकडून इतिवृत्तं एकेक करून उतरवून घेण्यात रविवार बरा जातो.

वर्डप्रेससारखी फुकट, कुठल्याही होस्टिंगवर उचलून नेता येणारी वेबसाइट बनवायची प्रणाली कुणी सुचवलीच, तर ती 2003 पासून आहे, म्हणजे जुनाट आहे, असं सांगून त्याला गप्प करा.

आणि मान काय डोलावताय? तुमच्याकडेही हेच झालेलं आहे. तुमचं डोमेन कुणाच्या नावावर आहे, सांगा बरं पटकन. नाही ना माहीत? जिन्याला कुठला रंग द्यायचा यावर सभेत सव्वा तास भांडता, आणि सोसायटीचं नाव कुणाच्या खिशात आहे हे बघायला पाच मिनिटं नाहीत! तो वेबसाइटवाला लबाड आहेच, पण त्याला हे दार उघडून कुणी दिलं? "ओळखीतला आहे, बघून घेईल" म्हणत कमिट्यांनीच ना?

डोमेन सोसायटीच्या नावाने, सोसायटीच्या पैशाने, वेगळ्या रजिस्ट्रारकडे घ्या. त्या खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका, नाहीतर डोमेन गेलं की ते सोडवायचा रस्ताही गेला. ईमेल सोसायटीचा असू द्या, सेक्रेटरीचा खाजगी नको. पासवर्ड दोघा पदाधिकाऱ्यांकडे हवा, आणि कमिटी बदलली की चार्जच्या यादीत चेकबुकाच्या शेजारी त्याची नोंद हवी. वेबसाइटवाल्याला पैसे देण्याआधी लेखी विचारा : आम्ही सोडून जायचं ठरवलं तर काय काय मिळेल, किती दिवसांत, कुठल्या स्वरूपात, आणि त्याचे वेगळे पैसे किती? या प्रश्नावर ज्याचा चेहरा पडतो त्याला चहा न विचारता निरोप द्या. त्याचा डेमो कितीही देखणा असला तरी.

हे सगळं बघायला वेळ कुणाला आहे म्हणता? मग कमिटीत आलात कशाला?