साहेब, तो एक टक्का कमी करा

गेल्या महिन्यात गडहिंग्लजला एका लग्नात जेवायला बसलो, तर शेजारी एक खासदार. नाव आणि पक्ष लिहीत नाही. आपल्या जिल्ह्यातले नव्हेत, एवढंच सांगतो. कुणीतरी माझी ओळख "हे रिटर्न भरतात" अशी करून दिली आणि विषय क्रिप्टोवर, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनांवरच्या करावर गेला. साहेब म्हणाले, "तीस टक्के कमीच आहे हो. पन्नास करायला पाहिजे. पोरं पार नादाला लागल्यात." तेवढ्यात वाढपी आला आणि माझं बोलणं राहिलं. हात धुताना तेच म्हणाले, "तुमचं काय म्हणणं असेल ते लिहून पाठवा. वाचतो मी."

तर साहेब, हे लिहिलंय. पोस्टाने येईलच. इथंही टाकतोय, कारण ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यातली निम्मी पोरं माझ्या फ्रेंडलिस्टमध्येच आहेत.

आधी माझं सांगतो. मी एक रुपयाचं बिटकॉइन घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. जे काही आहे ते बायकोच्या गळ्यात, थोडं पोस्टात, आणि वडिलांच्या नावावरून माझ्या नावावर आलेला साखर कारखान्याचा एक शेअर. त्याची सवलतीतली साखर मिळते दिवाळीला. तेव्हा हा कुणा कंपनीचा माणूस बोलतोय असं समजू नका.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं छोटं ऑफिस आहे. जुलैत रिटर्नची गर्दी असते तेव्हा पोरं जिन्यात थांबतात. त्यातलाच एक, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत क्वालिटीला आहे, पगारातून कर कापला जातो. त्याला एका कॉइनमध्ये लाखभर फायदा झालेला, दुसऱ्यात एक लाख वीस हजार बुडालेले. म्हणाला, "काका, वीस हजार लॉस आहे, तेवढा दाखवून टाका." मी म्हटलं, "बाबा, तुला एकतीस हजार दोनशे भरायचेत." त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. माझ्याच टेबलावरचा कॅल्क्युलेटर ओढून घेतला त्यानं. लाखाच्या फायद्यावर ३० टक्के, त्यावर ४ टक्के सेस. दुसरीकडचा तोटा यातून वजा करायचा नाही आणि पुढच्या वर्षी न्यायचाही नाही. म्हणजे वीस हजार गेलेले, वर एकतीस हजार दोनशे, मिळून एक्कावन्न हजार दोनशे. पोरगं बराच वेळ त्या आकड्याकडं बघत बसलं. मग म्हणालं, "म्हणजे हरलो म्हणून दंड व्हय?"

हेच पैसे त्यानं शेअरमध्ये घालवले असते तर तोटा फायद्यातून वजा झाला असता, उरलेला आठ वर्षं पुढं ओढता आला असता. जोखीम दोन्हीकडं आहे. क्रिप्टोत जास्त आहे, मान्य. पण जास्त जोखमीच्या धंद्यात तोटा धरायचाच नाही, हा हिशेब कुठल्या वहीत बसतो?

तीस टक्क्यांचं मी एकवेळ सोडून देतो. लॉटरीवरही तेवढाच आहे, सरकारनं त्याच पंगतीत बसवलंय, ठीक. माझं खरं भांडण त्या १ टक्का टीडीएसशी आहे. १ जुलै २०२२ पासून विक्री झाली की आधी एक टक्का कापून सरकारजमा. फायदा झाला की तोटा, हे बघायचं नाही. वर्षाअखेरीस रिटर्नमध्ये जमा धरतात, हे खरं. पण तोवर पैसा अडकलेला. एक लाखाचा माल घेऊन कुणी सत्तर वेळा घेतला-विकला, भाव जागचा हललाही नाही, तरी निम्म्याच्या वर भांडवल टीडीएसमध्ये गेलेलं असतं. शेअर घेऊन खात्यात ठेवले (डिलिव्हरी) तर एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा कर, किती? ०.१ टक्का. गुळाच्या सौद्यात प्रत्येक फेरीला शेकडा एक असा अडकवून ठेवला तर मार्केट यार्डात दुसऱ्या दिवशी कोण थांबेल?

बरं, हा टीडीएस लावला कशासाठी? माग काढायला. कोण घेतंय, कोण विकतंय ते कळावं म्हणून. मग साहेब, पॅन नंबर ०.०१ टक्क्यातही तेवढाच स्पष्ट दिसतो.

झालं काय, की क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीचं जे इथलं एक्स्चेंज टीडीएस कापतं, केवायसी घेतं, सरकारला हिशेब देतं, तिथून पोरं उठली. परदेशी ॲपवर गेली. २०२३ च्या डिसेंबरात अर्थ मंत्रालयाच्या एफआययूनं, म्हणजे संशयास्पद पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या विभागानं, अशा परदेशी नऊ एक्स्चेंजना नोटिसा काढल्या, जानेवारीत ॲप बंद झाली. मग ठिकाण लपवणारा व्हीपीएन आला, टेलिग्राम आलं, पीटूपी आलं, म्हणजे अनोळखी माणसाशी थेट सौदा. व्यवहार कमी झाला म्हणाल तर चेनॅलिसिस या कंपनीच्या क्रिप्टो वापराच्या जागतिक क्रमवारीत २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षी भारत पहिल्या नंबरवर होता. नाद सुटला नाही, नुसता नजरेआड गेला.

नजरेआड गेला की काय होतं ते आमच्या घरात झालं. माझा भाचा, बहिणीचा थोरला. त्यानं एक्स्चेंजवर टीडीएस जातो म्हणून पीटूपीवर यूएसडीटी (डॉलरला बांधलेले कॉइन) विकले, अठरा हजार चारशेचे. पैसे तीन तुकड्यांत आले. त्यातला चार हजार आठशेचा तुकडा कुणाच्या तरी फसवणुकीतला निघाला. परराज्यातल्या एका सायबर ठाण्यातून बँकेला मेल आला आणि याचं पगाराचं अख्खं खातं गोठवलं. मी त्याला घेऊन बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन आमच्याकडं वळवून दाखवला, लाल अक्षरात फ्रीझ. "आमच्या हातात काही नाही. त्या ठाण्याचं पत्र आणा." ठाणं दीड हजार किलोमीटरवर. फोन लागला तर उचलत नाहीत, उचलला तर भाषा समजत नाही. गाडीचा हप्ता बाउन्स झाला. भिशीचे पैसे मी भरले, कारण भिशीत नाव गेलं की गल्लीत नाव गेलं. खातं मोकळं व्हायला पाच महिने लागले.

चूक त्याचीही आहे. अनोळखी माणसाकडून तुकड्या-तुकड्यांत पैसे घेऊ नयेत, हे चोविसाव्या वर्षी कळायला पाहिजे. त्याच्या आईदेखत शिव्या घातल्यात मी त्याला. पण सरळ दारावर एवढा मोठा उंबरा घातला नसता तर तो मागच्या बोळात गेलाच नसता, हेही तितकंच खरं.

साहेब, हा खेळ आमच्या घराण्यानं आधी एकदा बघितलाय. माझे आजोबा गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, कारागीर. साज, ठुशी, पाटल्या घडवायचे. १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही असं ठरलं. हेतू चांगलाच होता. चीनच्या युद्धानंतर परकीय चलन वाचवायचं होतं, लोकांची सोन्याची हौस कमी करायची होती. १४ कॅरेटची ठुशी कोण घालणार? लोकांनी हौस सोडली नाही, सोनार सोडला. आजोबा उद्यमनगरात लेथवर लागले. पुढं १९६८ चा कायदा आला, घरात बिस्किटं ठेवायलाही बंदी. आणि त्याच काळात दुबईची बिस्किटं किनाऱ्यावर उतरत होती, तस्करांचे बंगले उठत होते. १९९० ला कायदा रद्द केला तेव्हा आजोबा थकलेले. आज्जी सांगायची, बातमी ऐकून ते एवढंच म्हणाले, "आता काय उपयोग." त्यांच्या सोनं तोलायच्या गुंजांचा डबा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आता तुम्ही म्हणाल, फसवणुकीचं काय? कोल्हापुरात हे विचारायची सोय नाही. दामदुप्पटवाल्यांनी आमच्याकडं रिटायर मास्तरांपासून दूधवाल्यांपर्यंत सगळ्यांना धुतलंय. आता त्याच हॉटेलांच्या हॉलमध्ये, त्याच कोटातली माणसं "आमचा स्वतःचा कॉइन" म्हणून विकतात. महिन्याला इतके टक्के, खाली तीन माणसं जोडा. पण हा माणूस रिटर्न कुठं भरतो? तीस टक्के करा नाहीतर नव्वद, त्याला काय फरक? त्याच्यासाठी १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे, २०१९ चा अनियंत्रित ठेवींवरच्या बंदीचा कायदा आहे. ते वापरा की! कराचा दांडा बसतो तो शिरोलीच्या त्या पोराला, जो स्वतःहून जिना चढून माझ्याकडं हिशेब द्यायला येतो.

रिझर्व्ह बँकेची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. डॉलरला बांधलेले कॉइन गल्लीबोळात चालायला लागले तर रुपयाचं काय, हा प्रश्न खराच आहे. पण तिच्याच २०१८ च्या परिपत्रकानं क्रिप्टोवाल्यांना बँकांची दारं बंद केली होती, आणि ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं, कारण बँकांचं काही नुकसान झाल्याचं दाखवता आलं नाही आणि त्या मानानं उपाय फार कडक ठरला. त्यानंतर २०२१ च्या हिवाळी अधिवेशनाच्या यादीत क्रिप्टोच्या विधेयकाचं नाव आलं, पण ते मांडलंच गेलं नाही. कर आला, टीडीएस आला, २०२३ मध्ये मनी लाँडरिंगचा कायदा क्रिप्टोलाही लागू झाला. घेणाऱ्याचं रक्षण करणारा कायदा मात्र राहून गेला. २०२४ च्या जुलैत वझीरएक्स या इथल्या एक्स्चेंजवरून २३ कोटी डॉलरच्या आसपास माल चोरीला गेला तेव्हा इथल्या लोकांना सिंगापूरच्या कोर्टाकडं डोळे लावून बसावं लागलं. कर घ्यायला दिल्ली, दाद मागायला सिंगापूर.

म्हणून मागणं मोठं नाही. टीडीएस ०.०१ वर आणा, तोटा वजा करू द्या. ग्राहकानं तक्रार कुठं करायची ते एक ऑफिस ठरवून द्या, शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी असो नाहीतर दुसरं कुणी. आणि सायबरच्या तक्रारीत जेवढी रक्कम वादात तेवढीच अडकवा, पगाराचं अख्खं खातं नको. यातलं शेवटचं तर क्रिप्टोपुरतंही नाही, वडापाववाल्याचंही क्यूआर कोडपायी खातं गोठतं.

पत्रासोबत भाच्याच्या बँकेचा मेल आणि त्या पोराचा हिशेब जोडलाय, नाव खोडून. स्पीड पोस्टाने पाठवतोय, पावती जपून ठेवेन. अधिवेशनाला जायच्या आधी कोल्हापूरवरून जाणार असाल तर कळवा. ऑफिसात तीनच खुर्च्या आहेत, पण पोरं जिन्यात उभी राहतील.