परक्यांच्या युद्धसंग्रहालयात जायचं कशाला?

परदेश प्रवासाचा विषय निघाला की एक सल्ला हमखास फिरत येतो: दुसऱ्या देशाच्या युद्धसंग्रहालयात वेळ घालवू नका. कारणं तीन. इतिहास जेते लिहितात. तिथे प्रचारापलीकडे काही मिळत नाही. आणि शत्रूची बाजू कौतुकाने पाहणं म्हणजे आपल्या बाजूने लढलेल्यांशी गद्दारी. यातलं पहिलं कारण मीही बरीच वर्षं बिनदिक्कत वापरलं आहे.

ते वाक्य टोकियोच्या यासुकुनी या, युद्धात मेलेल्या जपान्यांच्या स्मरणार्थ असलेल्या देवस्थानाच्या आवारात उभं राहून म्हणून बघा. तिथलं युशुकान हे संग्रहालय १८८२ सालचं. १९४५ मध्ये जपान हरला, तरी इथली मांडणी हरलेल्यांच्या नजरेतून आहे आणि ती मान खाली घालून केलेली नाही. आत शिरताच झीरो हे लढाऊ विमान दिसतं आणि जवळच काळं वाफेचं इंजिन. हे इंजिन दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने बांधून घेतलेल्या थायलंड-बर्मा रेल्वेवर धावलं. त्या रेल्वेवर काम केलेल्या माजी जपानी सैनिकांनी वर्गणी काढून ते १९७९ मध्ये मायदेशी आणलं. पाटीवर त्याचं गुणगान आहे. सुमारे ४१५ किलोमीटरचा तो लोहमार्ग टाकताना बारा हजारांहून जास्त युद्धकैदी मेले, त्याच्या कितीतरी पट आशियाई मजूर मेले, मलायातल्या रबराच्या मळ्यांतून नेलेले तमिळ त्यांतच होते. ते पाटीवर नाही.

म्हणजे प्रचार आहेच की! आहे, नाकारतंय कोण? जपानी सैन्याने १९३७ मध्ये घेतलेल्या चीनमधल्या नानजिंग शहराबद्दलचा मजकूर वाचताना तर डोकं भणाणतं. तिथे या सैन्याने केलेल्या नागरिकांच्या कत्तलीचा त्यात उल्लेखच नाही. पण ज्याला त्या रेल्वेची थोडी माहिती आहे त्याला इंजिनापाशी नेमकी गाळलेली जागा दिसते, आणि कोणता देश काय गाळतो हे घरबसल्या इतकं स्वच्छ कळत नाही. शिवाय पाटी लिहिणाऱ्याच्या हातात सगळंच नसतं. याच इमारतीत नवरीच्या वेशातल्या बाहुल्या आहेत. लग्नाआधीच युद्धात गेलेल्या मुलांसाठी घरच्यांनी, बहुधा आयांनी, त्या वाहिलेल्या. नानजिंगच्या मजकुरावर मी चिडलो होतो. बाहुलीपुढे उभं राहिल्यावर चिडायला कोणी सापडेना.

प्रचाराचा आरोप सर्वात जास्त होतो तो व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह शहरातल्या युद्धसंग्रहालयावर. ४ सप्टेंबर १९७५ ला ते उघडलं तेव्हा नावातच 'अमेरिका आणि तिच्या कळसूत्री (म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या) सरकारचे गुन्हे' होते. १९९५ मध्ये अमेरिकेशी राजनैतिक संबंध जुळले आणि ते नुसतं 'युद्धाचे अवशेष' झालं. भिंतीवरची भाषा कोण ठरवतं हे एवढ्यावरूनच कळावं. १९६८ मध्ये ह्वे शहरात कम्युनिस्टांनी केलेल्या हत्यांबद्दल जाणून घ्यायचं तर दुसरीकडे वाचावं लागतं, आणि दक्षिणेकडून लढलेल्या व्हिएतनामींचं दुःखही इथे शोधू नये.

फोटोंचं काय मग? १६ मार्च १९६८ ला माय लाय गावात अमेरिकन सैनिकांनी मारलेल्या बायकामुलांचे फोटो अमेरिकन लष्कराच्याच छायाचित्रकाराचे, रोनाल्ड हेबर्ले याचे. ते जगासमोर आणले क्लीव्हलंडच्या 'प्लेन डीलर' या अमेरिकन दैनिकाने, नोव्हेंबर १९६९ मध्ये. दुसरं एक दालन त्या युद्धात मेलेल्या छायाचित्रकारांचं आहे, दोन्ही बाजूंच्या. ते काम जमवलं हॉर्स्ट फास आणि टिम पेज यांनी. दोघांनीही ते युद्ध स्वतः टिपलेलं. व्हिएतनाम सरकारने या फोटोंभोवती हवी ती विशेषणं लावली असतील, माय लायचे फोटो मात्र त्याने काढलेले नाहीत. 'सगळा प्रचार' म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबायला हवं.

गद्दारीचा मुद्दा मला सर्वात पोकळ वाटतो. याच संग्रहालयात एका काचेमागे अमेरिकन पदकं लावलेली आहेत. अमेरिकन सैन्याच्या १७३व्या एअरबोर्न (हवाई छत्रीधारी) ब्रिगेडच्या एका सार्जंटने ती पाठवून दिली, सोबत दोन ओळी: मी चुकलो, मला माफ करा. घरात बसून निष्ठेची प्रमाणपत्रं वाटणाऱ्यांनी या माणसाला गद्दार म्हणून दाखवावं. ती पदकं त्याने लढून मिळवली होती.

आणि सैन्याला स्वतःला हे जमत नाही असं कुठे आहे? ड्रेस्डेनचं लष्करी इतिहास संग्रहालय खुद्द जर्मन सैन्यदलाचं आहे. जुन्या शस्त्रागाराच्या दिमाखदार दर्शनी भागातून वास्तुविशारद डॅनिएल लिबेस्किंडने काच-पोलादाची भलीमोठी पाचर बाहेर काढली. २०११ मध्ये ते नव्याने उघडलं. (दिसायला मला ती आवडत नाही, पण ते असो.) पाचरीच्या वरच्या टोकावरून शहर दिसतं, फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटिश-अमेरिकन बॉम्बहल्ल्यात जळालेलं. तिथे स्वतःचंच दुःख मांडून ठेवता आलं असतं. त्याच मजल्यावर ड्रेस्डेनच्या फरसबंदीबरोबर आणखी एका गावाच्या रस्त्यातले दगड आहेत. ते पोलंडमधल्या व्येलुनचे. १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे त्या गावावर बॉम्ब टाकले ते जर्मन विमानांनी.