गोत्र, मामेबहीण आणि सहावे गुणसूत्र

अरविंदच्या भाच्याचे ठरत आलेले लग्न सगोत्र निघाल्यामुळे अडले, ही बातमी रविवारी कट्ट्यावर आली आणि चहा येण्याआधीच माधवने निकाल दिला, की सगोत्र विवाहाची बंदी म्हणजे पूर्वजांचे जनुकशास्त्रच होय. पुरावाही त्याच्या हाताशी होता. १९९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात जीवशास्त्रज्ञ क्लाउस वेडेकिंड यांनी ४४ तरुणांनी दोन रात्री घातलेले टी-शर्ट ४९ तरुणींना हुंगायला दिले, तेव्हा ज्यांची रोगप्रतिकाराची एचएलए जनुके आपल्याहून वेगळी, त्यांचाच वास त्यांना अधिक सुखद वाटला.

“गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या तरुणींचा कल उलट होता, तेवढे मात्र तू गाळलेस,” नीलिमा म्हणाली. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तिची उमेदीची वर्षे गेली आहेत, त्यामुळे ती बोलू लागली की आम्ही ऐकतो. सहाव्या गुणसूत्रावरची ही जनुके बहुधा एकगठ्ठा वारशाने येतात, एक गठ्ठा आईकडून आणि एक वडिलांकडून. म्हणून सख्ख्या भावंडांचे दोन्ही गठ्ठे जुळण्याची शक्यता चारांत एक असते आणि अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणासाठी आधी भावंडांकडेच पाहिले जाते. गोत्र मात्र वडिलांच्याच बाजूने चालते, म्हणजे आईकडून आलेला गठ्ठा त्याच्या हिशेबातच नाही. मामाच्या मुलीशी एक गठ्ठा समान निघण्याची शक्यताही चारांत एक असते, आणि ते लग्न आपल्याकडे कित्येक घरांत हौसेने होते. (माधवच्या वहिनी त्याच्या मामाच्याच घरच्या, तो क्षणभर गप्प झाला.)

मग त्याने अमेरिकेतल्या, आपसातच लग्ने करणाऱ्या हटराइट या ख्रिस्ती समाजाचा दाखला काढला. १९९७ सालच्या अभ्यासात तिथल्या ४११ जोडप्यांत सारखे गठ्ठे अपेक्षेहून कमी आढळले, हे खरे. पण त्याच साली दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींच्या १९४ जोडप्यांत तसे काहीच दिसले नाही. मला स्वतःला उंदरांचे प्रयोग अधिक बोलके वाटतात: परक्या आईबापांजवळ वाढवलेली पिल्ले पुढे त्या पालकांसारख्या वासाचा जोडीदार टाळतात. म्हणजे त्यांचे नाक ओळखते ते वाढलेल्या घराला. कित्येक पिढ्यांपूर्वीच्या ऋषीचे नाव त्याला कुठून कळणार?

“हे सगळे मी ताईला कसे सांगू?” अरविंदने विचारले. माधवनेच तोडगा सुचवला, की मुलीच्या मामाने तिला दत्तक घेऊन कन्यादान करावे, म्हणजे गोत्र बदलते.

“आणि सहावे गुणसूत्र?” नीलिमाने विचारले.